सोळाची एक रॅम की आठ-आठच्या दोन?

पत्र: माझं बार्शीत डीटीपी आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. चौथ्या पिढीचा आय३ आणि डीडीआर३ ची ८ जीबी रॅम असलेला पीसी मोठी फाइल उघडली की अडकून बसतो. नवा जोडून घ्यायचं ठरवलंय: रायझन ५ ५६००जी, ए५२० चा दोन स्लॉटवाला बोर्ड, ५०० जीबी एनव्हीएमई. ग्राफिक कार्ड घेणार नाही. सगळं ठरलं, पण रॅमपाशी घोडं अडलंय. दुकानदार म्हणतो १६ ची एकच घ्या. मुलगा म्हणतो ८-८ च्या दोन घ्या, गेम चांगले चालतात. ऑनलाइन १६ जीबीची सर्व्हर रॅम निम्म्याहून कमी भावात दिसते. मित्र म्हणतो डीडीआर५ घे, पुढे उपयोगी पडेल. जुनी ८ जीबी नव्यात बसेल का? नक्की काय घेऊ?

उत्तर:

नमस्कार. जे तुमच्या बोर्डावर चालणारच नाही ते आधी बाजूला काढू. पाचातले तीन पर्याय तिथेच गळतात.

५६००जी हा एएम४ सॉकेटचा प्रोसेसर आहे आणि एएम४ वर फक्त डीडीआर४ चालते. मेमरीचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे बोर्ड बदलूनही यातून सुटका नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, लांबीही तीच, म्हणून हातात घेतल्यावर सारख्याच वाटतात. मधली खाच मात्र वेगळ्या जागी असते. डीडीआर४ १.२ व्होल्टवर चालते, डीडीआर५ १.१ वर आणि व्होल्टेज सांभाळणारी चिप तिच्या पट्टीवरच असते. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटेल आणि बोर्ड वॉरंटीतूनही जाईल. ‘पुढे उपयोगी पडेल’ हेही खरं नाही, कारण डीडीआर५ साठी पुढे प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही बदलावे लागतील. जुनी डीडीआर३ तर २४० पिनांची, १.५ व्होल्टची. ती जुन्या मशीनमध्येच राहू द्या. बिलं काढायला आणि प्रिंटर चालवायला ते मशीन अजून चालेल.

सर्व्हर रॅमचं प्रकरण जास्त फसवं आहे, कारण ती स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते. खाच जुळते, दोन्ही बाजूंनी टक्‌ आवाज येतो आणि मशीन सुरू केलं की पडदा काळाच. कारण असं की सर्व्हरच्या पट्टीवर प्रोसेसर आणि मेमरी चिप यांच्यामध्ये एक रजिस्टर चिप असते. पत्ते आणि आदेश आधी तिच्याकडे जातात, मग पुढे. घरगुती प्रोसेसरच्या कंट्रोलरला ही व्यवस्था समजत नाही. मोठ्या डेटा सेंटरमधून निघालेला असा माल ऑनलाइन ढिगाने येतो, म्हणून तो स्वस्त. माल खोटा नसतो, फक्त तुमच्यासाठी नसतो.

ओळखायची कशी? पट्टीवरच्या लेबलवर साधारण असं छापलेलं असतं: ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए-यूए२-११’. यातलं ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४. ३२०० नंतरच्या डॅशपुढचं पहिलं इंग्रजी अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. ‘यू’ असेल तर साधी डेस्कटॉप रॅम, तीच हवी. ‘आर’ किंवा ‘एल’ असेल तर सर्व्हरची, ‘एस’ असेल तर लॅपटॉपची. ‘ई’ म्हणजे चुका दुरुस्त करणारी ईसीसी रॅम. तिच्यासाठी जादा पैसे मोजायचं तुम्हाला कारण नाही. ऑनलाइन जाहिरातीत लेबलचा स्पष्ट फोटो नसेल तर ती वस्तू सोडून द्या.

आता क्षमतेकडे. तुमचा मूळ त्रास तिथेच आहे. २० बाय १० फुटांचा बॅनर ७२ डीपीआयला केला तर फाइल १७,२८० बाय ८,६४० पिक्सेलची होते, म्हणजे जवळपास १५ कोटी पिक्सेल. सीएमवायकेमध्ये एका पिक्सेलला ४ बाइट. पूर्ण आकाराचा एकच लेयर ६० कोटी बाइट, म्हणजे सुमारे ६०० एमबी खातो. तोच बॅनर १०० डीपीआयला केला की एक जीबीच्या पलीकडे, साधारण १.१५ जीबी. त्यावर पार्श्वभूमी, नेत्यांचे फोटो, सावल्या असे पाच-सहा लेयर चढले आणि फोटोशॉपने हिस्टरीत मागच्या पायऱ्या धरून ठेवल्या की ८ जीबी कधी संपली ते कळतही नाही. रॅम संपली की फोटोशॉप डिस्कवर लिहायला लागतं आणि मशीन अडकल्यासारखं वाटतं.

नव्या मशीनमध्ये १६ जीबी घेतलीत तरी सगळी १६ फोटोशॉपच्या वाट्याला येणार नाही. ग्राफिक कार्ड नसल्यामुळे ५६००जी आपल्या आतल्या ग्राफिक्ससाठी याच रॅममधून वाटा काढतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) ‘यूएमए फ्रेम बफर साइज’ नावाची सेटिंग असते. ती ऑटोवर असेल तर साधारण अर्धा जीबी बाजूला जातो, कुणी २ जीबी लावून ठेवली असेल तर २ जीबी. वर विंडोज, कोरल ड्रॉ, गिऱ्हाइकांचे फोटो घ्यायला उघडं ठेवलेलं व्हॉट्सअ‍ॅप वेब. उरलेल्या रॅमपैकी फोटोशॉप आपणहून साधारण ७० टक्के वापरतं. म्हणजे १६ जीबीत रोजचं काम निघेल, पण मोठ्या बॅनरला ओढाताण होईल. निवडणुकीच्या किंवा गणपतीच्या हंगामात एकाच वेळी तीन फाइली उघड्या असतात, तेव्हा तुम्हाला ३२ लागणार. यंदा नाही तर पुढच्या वर्षी.

म्हणून तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘दोन स्लॉटवाला’ हा आहे. ८-८ च्या दोन घेतल्या की दोन्ही स्लॉट भरले. ३२ वर जायचं ठरलं त्या दिवशी दोन्ही काढून विकाव्या लागतील आणि वापरलेल्या रॅमला कोण किती देणार. १६ ची एक घेतली तर एक स्लॉट मोकळा राहतो.

मुलाचं म्हणणंही चुकीचं नाही. ३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती वाहते, दोन पट्ट्या दोन चॅनलवर मिळून ५१.२. एरवी ऑफिसच्या कामात हा फरक जाणवत नाही, पण ज्या प्रोसेसरचं ग्राफिक्स स्वतःच्या मेमरीशिवाय चालतं त्याला हाच रस्ता अर्ध्यावर आला तर गेममध्ये झटके बसतात. ५६००जी वर एका पट्टीने गेम खेळणं म्हणजे आतल्या ग्राफिक्सचा बराचसा जोर वाया घालवणं. फोटोशॉप-कोरलमध्ये मात्र मोठी फाइल रॅममध्ये मावते की नाही यावर सगळं ठरतं. रस्ता रुंद असण्यापेक्षा गोदाम मोठं असणं तिथे जास्त कामाचं.

आमचं मत असं: पैसे निघत असतील तर आत्ताच १६-१६ ची जोडी घ्या, म्हणजे बाप-लेकाचा वाद उरतच नाही. तेवढे निघत नसतील तर १६ ची एक घ्या आणि दुसरी जमेल तितक्या लवकर. पोट भरणारं मशीन आहे, गेम थोडे थांबतील. दुकानदाराचा सल्ला तुमच्यासाठी बरोबर ठरतो, भले त्याने तो एकच पट्टी शेल्फवर होती म्हणून दिलेला असो. आणि ऑर्डर अजून गेली नसेल तर चार स्लॉटच्या बी५५० बोर्डाचा भाव एकदा विचारा. ८-८ ची जोडी आत्ता आणि तशीच दुसरी नंतर, हा मार्ग त्यावर खुला राहतो. चारही स्लॉट भरले की कंट्रोलरवर ताण वाढतो आणि ३२०० ऐवजी २९३३ किंवा २६६६ वर उतरावं लागू शकतं, तेवढं गृहीत धरा.

‘नंतर घेऊ’ म्हणताना एक हिशेब ध्यानात असू द्या. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले. चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी क्षमता एआय सर्व्हरच्या मेमरीकडे वळवली आणि डीडीआर४ चं उत्पादन आखडतं घेतलं. पूर्वी रॅम थांबून घेतली की स्वस्त मिळायची, तो भरवसा आता धरू नका. इथे भाव छापत नाही तोही यामुळेच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात चौकशी केलीत तर कोटेशन किती दिवस धरलं जाईल तेही विचारून घ्या.

वेग ठरवणं त्या मानाने सोपं आहे. ५६००जी ला कंपनीची अधिकृत हमी डीडीआर४-३२०० पर्यंतची आहे. ३२०० घ्या आणि तो विषय संपवा. ३६०० ची बहुधा चालते, पण तुमच्या कामात ती जादा पैशाची परतफेड करणार नाही. दिवे लागणारी, झगमगीत कवचाची घेऊच नका. कवच उंच असेल तर पुढे टॉवर कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा उंच पंखा) लावताना आडवं येतं.

३२०० मध्येही दोन जाती आहेत आणि इथे पुष्कळ जण चकतात. साधी हिरव्या-काळ्या पट्टीची ३२०० सीएल२२ असते (सीएल म्हणजे मागितलेली माहिती द्यायला रॅमला लागणारे ठोके), १.२ व्होल्टवर चालते, लावली की आपोआप ३२०० वर धावते. दुसरी, कवचवाली, ३२०० सीएल१६ आणि १.३५ व्होल्टची. हिचा ३२०० हा वेग एक्सएमपी प्रोफाइलमध्ये, म्हणजे कंपनीने पट्टीत साठवलेल्या जादा वेगाच्या सेटिंगमध्ये असतो, तो बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. चालू केला नाही तर ती २१३३, २४०० किंवा २६६६ वर रांगत राहते आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. या ठोक्यांचा प्रत्यक्ष वेळ काढायचा तर सीएल गुणिले २००० भागिले वेग; जितका कमी तितका चांगला. ३२०० सीएल२२ ला १३.७५ नॅनोसेकंद, सीएल१६ ला १०. ३६०० सीएल१८ काढून बघा, तेही १०च येतात. सीएल१६ आणि सीएल२२ मध्ये भावाचा फरक किरकोळ असेल तर सीएल१६ घ्या. फरक मोठा असेल तर सीएल२२ मध्ये तुमचं काहीही अडत नाही. ए५२० बोर्डावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येत नाही, पण एक्सएमपी चालतं. दुकानात कुणी उलटं सांगितलं तर ऐकू नका.

(इंटेलचा विचार करणाऱ्यांसाठी जाता जाता: एच६१० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन वेगवेगळ्या प्रकारांत मिळतात, नावात ‘डी४’ आहे का ते बघून घ्या. आणि एच५१० वर दहाव्या पिढीचा आय३ लावला तर ३२०० ची रॅमही २६६६ वरच चालते.)

पार्ट नंबर वाचता आला की दुकानदाराच्या तोंडी माहितीवर अवलंबून राहावं लागत नाही. किंग्स्टनच्या साध्या रॅमचं उदाहरण घ्या: ‘केव्हीआर३२एन२२एस८/१६’. ३२ म्हणजे ३२००, ‘एन’ म्हणजे ईसीसी नसलेली डेस्कटॉप रॅम, २२ म्हणजे सीएल२२, ‘एस’ म्हणजे सिंगल रँक (चिपांचा एकच गट), ८ म्हणजे एक्स८ चिप (एका वेळी ८ बिट देणारी), १६ म्हणजे क्षमता. ‘एन’ च्या जागी ‘एस’ दिसला तर ती लॅपटॉपची. ‘एस८’ च्या जागी ‘डी८’ असेल तर ड्युअल रँक (दोन गट). एकट्या पट्टीवर ग्राफिक्स चालवायचं असेल तर हीच थोडी सरस. टाळायची ती ‘एस६’. तिच्यात रुंद, एक्स१६ प्रकारच्या मोजक्याच चिप असतात, आतले बँक ग्रुप चारऐवजी दोन, आणि त्याच ३२०० वर ती मागे पडते. ८ जीबीच्या स्वस्त पट्ट्यांत हा प्रकार जास्त सापडतो. लेबलवर ‘१आरएक्स१६’ दिसलं किंवा पट्टीवर फक्त चार चिप मोजल्या की समजा.

पार्ट नंबर हाती आला की बोर्ड कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या सपोर्ट पानात मेमरीची यादी उघडा. प्रोसेसरच्या कुळानुसार तिथे वेगवेगळ्या याद्या असतात आणि बरेच लोक चुकीची बघतात. ५६००जी चं कूळ ‘सेझान’. साधा ५६०० किंवा ५६००एक्स ‘व्हर्मिअर’ मध्ये येतो. यादीत नाव असलं म्हणजे कंपनीने ती रॅम त्या वेगावर लावून पाहिली आहे. नाव नसलं म्हणजे चालणार नाही असं नाही. साधी सीएल२२ ची ‘यू’ रॅम यादीत नसली तरी बिनधास्त घ्या. यादी खरी उपयोगी पडते ती ३६०० आणि त्यावरच्या वेगांना.

दुसरी १६ नंतर घेताना पहिलीचा पूर्ण पार्ट नंबर लिहून ठेवलेला असू द्या, नुसतं ‘अमुक कंपनीची ३२००’ नको. तरीही एकाच नंबरखाली कंपन्या आतल्या चिप बदलतात. कॉर्सेअरच्या पट्टीवर तर ‘व्हर्जन’ म्हणून वेगळा आकडाच छापलेला असतो. साध्या सीएल२२ मध्ये याने फारसं बिघडत नाही. एक्सएमपीवाल्या दोन वेगळ्या पट्ट्यांत मात्र कधी कधी मशीन सुरूच होत नाही किंवा मध्येच निळा पडदा येतो, कारण दोघींना झेपेल असं टायमिंग प्रोफाइलमध्ये नसतं. मग एक्सएमपी बंद करून वेग हाताने २९३३ वर आणायचा. हा धोका नको म्हणूनच एका डब्यात आलेली जोडी थोडी महाग असली तरी परवडते. १६ सोबत ८ लावली तरी चालते. ८ आणि ८ जीबी दुहेरी चॅनलवर जाते, उरलेली ८ एकेरी राहते.

बसवताना वीजपुरवठा मागच्या बटणाने बंद करून वायर काढा आणि कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. खाच जुळवून पट्टी सरळ धरा, दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा. काही बोर्डांवर एकाच बाजूला क्लिप असते. तिथे दुसरं टोक अर्धवट बसलेलं राहतं आणि ‘रॅम खराब निघाली’ अशी बोंब होते. एकच पट्टी असेल तर कोणत्या स्लॉटात, ते बोर्डाच्या पुस्तिकेत बघा. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा, या क्रमाने जोडी लावतात.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा मिनिटभर काळा राहिला तर घाबरू नका, बोर्ड मेमरीची जुळवणी करत असतो. पाच मिनिटांनीही काही दिसलं नाही तर पट्टी काढून पुन्हा बसवा, मग दुसऱ्या स्लॉटात लावून बघा. सोनेरी पिनांवर डाग असतील तर पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा आणि त्याचा चुरा ब्रशने झाडून टाका, तो स्लॉटमध्ये गेला तर नवीन दुखणं. एक्सएमपी लावल्यावर सुरू होईना झालं तर वायर काढून बोर्डावरच्या ‘क्लिअर सीएमओएस’ च्या (बायोसच्या सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिनांना काही सेकंद स्क्रूड्रायव्हर टेकवा, किंवा गोल बॅटरी काही मिनिटं काढून ठेवा. आणि दरवेळी दोष रॅमचाच असेल असं नाही. ए५२० बोर्ड २०२० मध्ये बाजारात आले, ५६००जी २०२१ मध्ये. गोदामात पडून असलेला जुना बोर्ड मिळाला तर त्याचा बायोस हा प्रोसेसर ओळखतच नाही आणि लोक रॅम बदलत बसतात. बोर्ड घेतानाच दुकानदाराकडून बायोस अपडेट करून घ्या.

सुरू झाल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी बघा. एसुसच्या बोर्डावर ते ‘डीओसीपी’, एमएसआयवर ‘ए-एक्सएमपी’ या नावाने असतं. मग विंडोजमध्ये टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी असं उघडलं की चालू वेग आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये वेग १६०० दिसला तर फसवणूक झाली असं समजू नका. डीडीआर एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून १६०० ची दुप्पट ३२००.

शेवटी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून रात्रभर चार फेऱ्या होऊ द्या. एक जरी चूक आली तरी पट्टी परत करा, ‘एकच तर आहे’ म्हणून ठेवून घेऊ नका. तुमच्या कामात त्याच चुकीने गिऱ्हाइकाची फाइल सेव्ह होताना बिघडते. ही चाचणी परताव्याची मुदत चालू असतानाच करा, म्हणून सगळे भाग एकाच आठवड्यात मागवलेले बरे. बिलावर पट्टीचा सिरियल नंबर लिहून घ्या. तुमची जीएसटी नोंदणी नियमित प्रकारची असेल तर बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर करा, १८ टक्के कराचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशन योजनेत असाल तर ते मिळत नाही.